हार्ड डिस्क दगा द्यायला लागली, तर आतल्या फाइली कशा काढायच्या

“लावली की नुसती टिकटिक करतेय, काहीच दिसेना झालंय. तेवढे फोटो काढून द्या की ओ.” बेळगाव, खानापूर, निपाणी, कुठल्याही कॉम्प्युटरच्या दुकानात घटकाभर उभे राहा, हे वाक्य कानावर येतेच. आणि माणूस दुकानात पोहोचेपर्यंत त्या डिस्कवर सगळे प्रयोग होऊन गेलेले असतात. भावाच्या लॅपटॉपला लावून झाले, ऑफिसात लावून झाले, विंडोजने विचारले म्हणून ‘स्कॅन अँड फिक्स’ला हो म्हणून झाले. मूळ बिघाडाने जाणार नव्हत्या अशाही फाइली मग या प्रयोगांत जातात.

म्हणून इथे भर आहे तो क्रमावर. आजारी डिस्कच्या आत शिरून फाइली शोधत बसायचे नाही. आधी तिची जशीच्या तशी प्रत एका चांगल्या डिस्कवर उतरवायची आणि जी काही शोधाशोध करायची ती त्या प्रतीत करायची.

पहिली गोष्ट: थांबा

डिस्क काढा. ‘सेफली रिमूव्ह’ होत असेल तर तसे, विंडोज अडकूनच बसले असेल तर लॅपटॉप बंद करून. मग या गोष्टी करू नका: फॉरमॅट, चेकडिस्क (‘स्कॅन अँड फिक्स’ म्हणजे हेच), डीफ्रॅग, आणि रिकव्हरीचे सॉफ्टवेअर त्याच डिस्कवर उतरवणे. ‘वापरण्याआधी ही डिस्क फॉरमॅट करा’ असा संदेश आला म्हणजे आतले सगळे गेले असे नव्हे. विंडोजला फाइलींची नोंदवही वाचता आली नाही, एवढाच त्याचा अर्थ. फाइली बहुधा जागच्या जागी असतात.

चेकडिस्कबद्दल जरा सविस्तर सांगतो, कारण ते चांगल्या हेतूने चालवले जाते. त्याचे काम नोंदवही सुसंगत करणे, तुमच्या फाइली वाचवणे नव्हे. एखादी नोंद जुळली नाही तर ते ती तोडून मोकळे होते. शिवाय त्यासाठी ते डिस्कला भरपूर पळवते आणि तिच्यावर लिहितेही. हाड मोडलेल्या माणसाला चालता येते का हे पाहायला मैदानाला फेऱ्या मारायला लावण्यातला प्रकार. कुणी आधीच चालवले असेल तर पुढे प्रत हाताशी आली की तिच्यात ‘फाउंड’ आणि पुढे तीन शून्ये अशा नावाचे लपवलेले फोल्डर आहे का ते बघा. तोडलेले तुकडे विंडोज तिथे टाकते.

फ्रीजरमध्ये ठेवणे, टेबलावर आपटणे, हे व्हिडिओतले उपाय विसरा. फ्रीजरमधून बाहेर काढलेल्या डिस्कच्या आत दव धरते, आणि आपल्याकडच्या पावसाळी हवेत, त्यातही कणकुंबी-जांबोटीच्या बाजूला, जास्तच.

आवाज ऐका

बाहेरच्या डिस्कमधली तबकडी साधारणपणे मिनिटाला ५४०० फेरे घेते, आणि वाचणारे हेड तिच्यावर काही नॅनोमीटर अंतरावर तरंगत असते. धुळीचा साधा कणही या अंतरापेक्षा कितीतरी मोठा. तेव्हा डिस्कचे झाकण घरी उघडायचे नाही आणि गल्लीतल्या दुकानातही उघडू द्यायचे नाही.

एका लयीत टकटक येत असेल तर हेडला आपली जागा सापडत नाही, ते पुन्हा पुन्हा मागे जाऊन येते आहे. खरखर किंवा घासल्यासारखा आवाज त्याहून वाईट: हेड तबकडीला लागते आहे आणि प्रत्येक फेऱ्याला डेटा असलेला थर खरवडला जातो आहे. हे दोन आवाज ऐकलेत तर या लेखातले सॉफ्टवेअर तुमच्यासाठी नाही. डिस्क बंद करा आणि थेट लॅबच्या भागाकडे जा. बारीक ‘पीं पीं’ येत असेल तर एक केबल आणि एक पोर्ट बदलून बघा, कारण वीज अपुरी पडली तरी असा आवाज येतो. तरीही तेच असेल तर हेड तबकडीला चिकटले आहे किंवा मोटर अडकली आहे. मग तीही लॅबचीच केस.

पुरात भिजलेली डिस्क हा आणखी वेगळा प्रकार. २०१९ च्या ऑगस्टमध्ये गोकाक, चिक्कोडी, रामदुर्ग भागात घरेच्या घरे पाण्यात होती. अशा वेळी कपाटातली डिस्क उन्हात वाळवून चालू करून बघण्याचा मोह होतो. वाळवू नका. गाळ आत सुकला की तबकडीवर घट्ट बसतो. ओलीच प्लास्टिकच्या पिशवीत बंद करून लॅबला द्या.

स्वस्तातल्या शक्यता आधी

आवाज नेहमीसारखा आहे, पण डिस्क दिसत नाही किंवा मधूनच गायब होते? आधी केबल बदला. बाहेरच्या डिस्कची ती रुंद, चपटी पिन सैल होण्यात पटाईत असते. हब काढून टाका, डेस्कटॉप असेल तर मागच्या पोर्टला लावा. जुन्या यूएसबी २ पोर्टातून ५०० मिलीअँपिअर मिळतात, यूएसबी ३ मधून ९००. अशक्त डिस्कला हा फरक जाणवतो. वेगळ्या ॲडॅप्टरवर चालणारी मोठी डिस्क असेल तर ॲडॅप्टर तपासून घ्या.

डबीतून डिस्क काढून थेट साटाला (कॉम्प्युटरच्या आत डिस्क जोडायच्या पिनला) जोडायचा सल्लाही कुणीतरी देतेच. कधी कधी तो बरोबर असतो, कारण डबीतले छोटे बोर्डच गेलेले असते. पण बऱ्याच छोट्या डिस्कना आता साटाची पिनच नसते, यूएसबी थेट मूळ बोर्डावर असते. आणि डब्ल्यूडीच्या माय पासपोर्ट मालिकेसारख्या डिस्कमध्ये डेटा बोर्डावरच्या चिपकडून सांकेतिक होऊन लिहिला जातो, मग ते बोर्ड वगळून काहीच वाचता येत नाही. काढलेले बोर्ड फेकू मात्र नका.

डिस्क दिसत असेल तर विंडोजवर क्रिस्टलडिस्कइन्फो हे मोफत ॲप एकदा उघडा. त्यात तीन ओळी बघायच्या: ०५, सी५ आणि सी६. पहिली म्हणजे डिस्कने आधीच बाद करून बदललेले सेक्टर (डेटा ठेवायचे छोटे कप्पे), दुसरी वाचता न आल्याने लटकलेले, तिसरी अजिबात न वाचले गेलेले. सी५ शून्य नसेल तर डिस्क खरेच आजारी आहे. सी७ एकटीच वाढली असेल तर दोष बहुधा जोडणीत. आकडे हेक्समध्ये, म्हणजे सोळाच्या पटीत मोजलेले दिसतात, ते सेटिंगमधून दशमानात करून घ्या, नाहीतर उगीच घाबराल. हे पाहायला दोन मिनिटे पुरतात. डिस्क काढून ठेवा.

काय हवे ते आधी ठरवा

कागद घ्या आणि डिस्कवरचे काय परत कुठूनच मिळणार नाही ते लिहा. जमिनीचा उतारा भूमी पोर्टलवरून पुन्हा निघतो. आधार डिजिलॉकरमध्ये मिळते, एसएसएलसीचे मार्क्स कार्ड बोर्डाकडून पुन्हा काढता येते. सिनेमे तर सोडूनच द्या. उरतात ते लग्नाचे फोटो, गावच्या जत्रेचे आणि पालखीचे व्हिडिओ, नाटकाच्या तालमी, सोसायटीचे टॅलीतले हिशेब, पतसंस्थेच्या अहवालाच्या डीटीपी फाइली. हा कागद पुढे दोनदा लागेल: पैसे किती खर्चायचे हे ठरवताना आणि मिळालेले तपासताना.

प्रत काढणे

हा मुख्य टप्पा. साधने चार: शक्यतो तीन पोर्ट असलेला कॉम्प्युटर, ८ जीबीचा पेन ड्राइव्ह, आजारी डिस्कपेक्षा मोठी नवी डिस्क (१ टीबीची प्रत घ्यायला २ टीबीची), आणि अखंड वीज. नवी डिस्क एनटीएफएस किंवा एक्सफॅट पद्धतीने फॉरमॅट केलेली असावी. फॅट ३२ वर ४ जीबीपेक्षा मोठी फाइल बसतच नाही.

विजेचे आधी बघा. सेकंदाला १०० एमबी वेगाने १ टीबीला पावणेतीन तास लागतात. आजारी डिस्कला एक रात्र, कधी दोन-तीन दिवसही. हेस्कॉम असो की बिदर-भालकीकडचे जेस्कॉम, एवढा वेळ वीज जाणारच नाही याची हमी नाही, आणि एप्रिल-मेमधल्या वळवाच्या पावसात तर ती जातेच. लॅपटॉपची बॅटरी चांगली असेल तर छोट्या डिस्कचे भागते. ॲडॅप्टरवरची मोठी डिस्क किंवा डेस्कटॉप असेल तर यूपीएस पाहिजेच. घरातला इन्व्हर्टर चालू होताना क्षणभर खंड पडतो, तेवढ्याने डेस्कटॉप बंद पडू शकतो. विजा कडाडत असतील तर काम दुसऱ्या दिवशी.

आता रूफस हे मोफत ॲप वापरून पेन ड्राइव्हवर उबुंटू (विंडोजऐवजी चालणारी मोफत प्रणाली) घाला आणि कॉम्प्युटर त्याच्यावरून सुरू करा. ‘ट्राय उबुंटू’ निवडायचे, इन्स्टॉल नाही. चुकून इन्स्टॉल करून बसलात तर लॅपटॉपमधलाही डेटा जाऊ शकतो. विंडोजवर हे काम का करायचे नाही? डिस्क लावताच विंडोज आतले सगळे वाचायला, सूची बनवायला, दुरुस्त करायला धावते आणि खराब सेक्टरवर अडकून तासन्‌तास गोठते.

मोबाइलच्या हॉटस्पॉटवरून नेट घ्या, टर्मिनल (कमांड टाइप करायची खिडकी) उघडा आणि ‘ॲप्ट’ या कमांडने दोन पॅकेजेस घ्या: प्रत काढायला जीडीडीरेस्क्यू आणि फाइली शोधायला टेस्टडिस्क. पॅकेजच्या नावात सुरुवातीला जादा जी आहे; कमांड देताना मात्र नुसते डीडीरेस्क्यू. आता आधी नवी डिस्क लावून उघडा, मग आजारी. ‘डिस्क्स’ नावाच्या ॲपमध्ये दोन्ही दिसतील. कंपनी आणि आकार बघून आजारी डिस्कचे नाव टिपून घ्या, ते एसडीबी किंवा एसडीसी असे काहीतरी असेल. तिचे पार्टिशन (आतला विभाग) आपोआप माउंट झाले, म्हणजे उघडले गेले असेल तर चौकोनी बटण दाबून अनमाउंट करा.

डीडीरेस्क्यूला तीन गोष्टी याच क्रमाने सांगायच्या: कुठून, कुठे आणि मॅप फाइल. ‘कुठून’ म्हणजे आजारी डिस्कचे नाव, मागे अंक न लावता, म्हणजे पूर्ण डिस्क वाचली जाते. ‘कुठे’ म्हणजे नव्या डिस्कवरच्या फोल्डरातली एक इमेज फाइल, जिच्यात अख्ख्या डिस्कची प्रत उतरते. नवशिक्याने थेट डिस्कवर डिस्क उतरवू नये. नावे उलटसुलट झाली तर कोरी डिस्क भरलेल्या डिस्कवर उतरते आणि मग कुठलीच लॅब काही करू शकत नाही. तिसरी ती मॅप फाइल, आणि घाईत हीच विसरली जाते. कुठले सेक्टर मिळाले, कुठले राहिले याची नोंद त्यात असते. वीज गेली, केबल हलली, डिस्क मधेच गायब झाली, तरी तीच कमांड पुन्हा दिली की काम सोडले तिथून चालू होते. मॅप फाइलही नव्या डिस्कवरच ठेवा. पेन ड्राइव्हवरून चालणाऱ्या उबुंटूचे होम फोल्डर रॅममध्ये असते, बंद केले की गेले.

पहिल्या फेरीला डॅश डी आणि डॅश एन हे पर्याय द्या. डॅश डीमुळे वाचन थेट डिस्कवरून होते. डॅश एनमुळे खराब जागा खरवडत बसण्याचा टप्पा टळतो, म्हणजे आधी सहज येणारे सगळे येते आणि अवघड भाग मागे राहतो. डिस्क मध्येच दम तोडणार असेल तर हाच क्रम आपल्याला वाचवतो. पडद्यावर ‘रेस्क्यूड’ पुढचा आकडा वाढत राहील. ही फेरी संपली की डॅश एन काढून, डॅश आर तीन लावून तीच कमांड पुन्हा. खराब जागा तीनदा वाचून बघितल्या जातील.

डिस्क हाताला फार गरम लागत असेल तर पंखा तिच्या दिशेने फिरवा. मध्येच टकटक सुरू झाली तर लगेच थांबवा. आलेले तुमच्याकडे आहेच. ९९ टक्के आले आणि उरलेल्या एक टक्क्यासाठी डिस्क तासन्‌तास कण्हते आहे असे झाले तर मी सहसा तिथेच थांबतो. पण तो एक टक्का नेमका नोंदवहीचा असू शकतो, म्हणून आधी पुढची पायरी करून बघा आणि मग ठरवा.

हे सगळे जमेलसे वाटत नसेल तर त्यात कमीपणा नाही. व्हीटीयू या तंत्रशिक्षणाच्या विद्यापीठाचे मुख्यालयच बेळगावात, गल्लोगल्ली इंजिनिअरिंगची पोरे आहेत. टर्मिनलची सवय असलेल्या एखाद्याला संध्याकाळी चहाला बोलवा आणि हा भाग वाचायला द्या.

प्रतीतून फाइली काढणे

आजारी डिस्क काढून बाजूला ठेवा. इमेज फाइलवर राइट क्लिक करून ‘डिस्क इमेज माउंटर’ने उघडा. तो इमेज फक्त वाचण्यापुरती उघडतो, काही बिघडत नाही. फोल्डर दिसले तर कॉपी मारा, काम झाले.

नाही दिसले तर टेस्टडिस्क इमेजवर चालवा. हरवलेले पार्टिशन शोधून ते फाइलींची यादी दाखवते, आणि मूळ नावे व फोल्डर टिकतात. टॅलीसाठी हीच वाट, कारण टॅली एका कंपनीचा डेटा आकडी नावाच्या फोल्डरमध्ये अनेक फाइलींत ठेवते. तो फोल्डर अख्खा मिळायला हवा. टेस्टडिस्क ‘राइट’ करू का असे विचारेल तिथे नाही म्हणा, फक्त कॉपी करून घ्या.

तेही जमले नाही तर फोटोरेक. ते टेस्टडिस्कबरोबरच येते. नोंदवहीकडे न पाहता ते फाइलींच्या सुरुवातीच्या खुणा ओळखून काढते. फोटो भरपूर मिळतात, पण नावे जातात. ‘लग्न – शहापूर’ हे फोल्डर जाऊन हजारो आकडी नावे उरतात. फोटोत कॅमेऱ्याने नोंदलेली तारीख शिल्लक असते, तिच्यावरून लावता येतात. फोटो वरून बरा आणि खालून करडा दिसला तर तिथला सेक्टर मिळालेला नाही. व्हिडिओ उघडत नसेल तर त्याची सूची हरवलेली असू शकते. कॅमेऱ्याने काढलेल्या एमपी४ मध्ये ती बहुधा शेवटी असते. त्याच कॅमेऱ्याने, त्याच सेटिंगवर काढलेला एक चांगला व्हिडिओ असेल तर अनट्रंक नावाचे साधन त्याच्या आधाराने मोडका व्हिडिओ सांधायचा प्रयत्न करते. लग्नाची कामे घेणाऱ्या स्टुडिओवाल्यांनी हे माहीत करून ठेवावे.

आपल्या भागात आणखी एक घोटाळा होतो. मिळालेली फाइल उघडली तर आत इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा खिचडा, आणि माणूस ‘करप्ट झाली’ म्हणून ती काढून टाकतो. थांबा. श्रीलिपीत केलेली मराठी पत्रिका आणि नुडी किंवा बरहात टाइप केलेला जुना कन्नड अर्ज, दोन्ही त्यांचा फॉन्ट नसलेल्या कॉम्प्युटरवर असेच दिसतात. फॉन्ट बसवा, मग ठरवा. आणि डिस्कवर फॉन्टच्या टीटीएफ फाइली असतील तर त्या आधी काढून घ्या. जुन्या छापखान्याच्या डिस्कमध्ये कधी कधी त्याच सर्वांत दुर्मीळ असतात.

लॅबला द्यायची वेळ आली तर

इथे मी कॉम्प्युटर दुरुस्तीचे दुकान आणि डेटा रिकव्हरी लॅब यांत फरक करतो. दुकानात प्रत काढून मिळू शकते. हेड बदलायचे असेल तर धूळ गाळलेली क्लीन रूम आणि त्याच मॉडेलची दाता डिस्क लागते. आपल्याला पुणे आणि बंगळुरू दोन्ही एकाच राष्ट्रीय महामार्ग ४८ वर, एक वर, एक खाली. कोणी नातेवाईक जाणार असेल तर हातात द्या, कुरिअरपेक्षा बरे. कुरिअरच करायचे तर डिस्क अँटिस्टॅटिक पिशवीत, चहूबाजूंनी जाड फोम, मग पुठ्ठ्याचे खोके. हलवल्यावर आत काही हलता कामा नये.

फोनवर आधी विचारा: क्लीन रूम तुमची स्वतःची की पुढे पाठवता? तपासणीचे पैसे किती? डेटा नाही मिळाला तर काय द्यायचे? मिळालेल्या फाइलींची यादी पैसे देण्याआधी दाखवता का? पावतीवर डिस्कचा सीरियल नंबर लिहून घ्या आणि लेबलचा फोटो काढून ठेवा. डिस्क न बघताच ‘शंभर टक्के काढून देतो’ म्हणणाऱ्याला नमस्कार करून निघा.

एसएसडी (तबकडीऐवजी चिपवर साठवणारी डिस्क) असेल तर यातले आवाजाचे प्रकरण लागूच नाही. ती बऱ्याचदा काही न सांगता एकदम जाते, आणि पुसलेली फाइल ट्रिममुळे (पुसलेली जागा आपोआप रिकामी करण्याच्या सोयीमुळे) सहसा परत येत नाही. दिसत असेल तोवर कॉपी करून घ्या.

जुन्या डिस्कचे काय करायचे

लगेच टाकू नका. कागदावरची यादी घ्या आणि प्रत्येक प्रकारातल्या काही फाइली खरोखर उघडून बघा. नाव आणि आकार दिसला म्हणजे फाइल धड आहे असे नाही. हे झाले की मिळालेल्याची आणखी एक प्रत दुसऱ्या डिस्कवर करून दुसऱ्या घरी ठेवा, मग जुनीकडे वळा. वॉरंटी असेल तर कंपनी डिस्क बदलून देते, डेटा देत नाही, आणि परत येते ती तुमची डिस्क नसते. वॉरंटी नसेल तरी भंगारवाल्याला अख्खी देऊ नका. बंद पडलेली डिस्क सॉफ्टवेअरने पुसता येत नाही, आणि आतल्या आधार-पॅनच्या प्रती दुसऱ्या कुणाच्या हाती लागू शकतात. ड्रिलने तबकडीतून आरपार तीन-चार भोके पाडा. चष्मा लावून पाडा, कारण छोट्या डिस्कच्या तबकड्या बऱ्याचदा काचेच्या असतात.